शंभर टक्के रपटा

पांढरखेडीच्या बंडूजींचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आपल्यावर गाव डोळे झाकून इश्वास ठेवते, बाप्पा!" दिवसातून चारदा तरी ते हे म्हणत, आणि पाचव्यांदा म्हणायची संधी आली तर तीही सोडत नसत. गंमत म्हणजे ते खरं होतं!

पांढरखेडी हे भाजीवाल्यांचं गाव. वांगी, टमाटे, मेथी, पालक, भेंडी, म्हणाल ते. आणि गावात टेम्पो एकच, बंडूजींचा. रोज पहाटे घरोघरचं टोपलं ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर येऊन बसे. प्रत्येक टोपल्याला त्या त्या घरची चिंधी बांधलेली असे. सरपंच सदाशिवरावांची पिवळी, देवकाबाईची जांभळी, अण्णाजींची त्यांच्याच जुन्या धोतराची. बंडूजी सगळी टोपली चढवत, महामार्गावरच्या जाम गावच्या चौकातून हिंगणघाटच्या बाजारात नेत, विकत आणि अकराच्या आत परत येत. सोबत कोणी जात नसे. माल ओट्यावर ठेवायचा आणि घरी जाऊन चहा प्यायचा, ही गावाची जुनी रीत होती. बंडूजींच्या आधी त्यांचे वडील बैलगाडीनं हेच करत.

या सगळ्या सुखात काटा एकच होता. रपटा!

गावाबाहेरच्या नाल्यावर सिमेंटचा रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, होता. होता म्हणजे, त्याची दोन्ही टोकं होती. मधला भाग दोन वर्षांपूर्वी पुरात गेला होता आणि परत आला नव्हता. कोरड्या दिवसांत टेम्पो त्या खड्ड्यात उतरे, धापा टाकत पलीकडे चढे आणि तेवढ्यात टमाट्यांची चटणी होई. पावसाळ्यात टेम्पो नाल्यापलीकडे उभा राही आणि अख्खं गाव डोक्यावर टोपलं घेऊन गुडघाभर पाण्यातून जाई. गेल्या साली अण्णाजी भेंडीसकट घसरले आणि मनगट मोडून घेऊन बसले. टेम्पोच्या स्प्रिंगचे पाटे तर दोनदा तुटले होते. मेकॅनिकनं साफ सांगितलं होतं, "बंडूजी, तिसऱ्यांदा तुटले तं माह्याकडे आनू नोका. सीधे भंगारवाल्याकडे न्या!"

टेम्पो भंगारात गेला तर बंडूजींकडे काय उरणार होतं? नुसतं ते वाक्य. म्हणून पावसाळ्याआधी रपटा व्हावा यासाठी त्यांचा जीव अक्षरशः टांगणीला लागला होता.

अशात वर्ध्याहून नयन मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि बोलण्यात असा उत्साह की ऐकणाऱ्यालाच दम लागावा! त्यांच्या संस्थेनं 'लोकस्पर्श' नावाचं ॲप काढलं होतं. गावाला कोणतं काम हवं ते गावकऱ्यांनी मोबाईलवर मत देऊन ठरवायचं आणि ज्याला जास्त मतं, ते काम मंजूर करून आणायचं.

"आता निर्णय साहेब घेणार नाहीत, निर्णय तुमचं बोट घेणार!" मॅडम म्हणाल्या.

गावानं आपापल्या बोटांकडे पाहिलं.

सदाशिवराव उठले. "याच्यात बोट कायले पाह्यजे? आपल्या गावाले एकच काम पाह्यजे. रपटा! बोला, कोनाले दुसरं काही पाह्यजे काय?"

"रपटा! रपटा!" सगळ्यांनी हात वर केले. अण्णाजींनी तर मोडलेलाच हात वर केला आणि मग कळवळून खाली घेतला. देवकाबाईनं शपथ घेतली, "माह्या लेकराची आन, मत देईन तं रपट्यालेच!"

"छान!" मॅडम म्हणाल्या. "पण मत मोबाईलवरच द्यायचं. ज्याचं त्यानं आणि गुप्त. आधी चाचणी मतदान करू."

त्या निघून गेल्या आणि मग गावाच्या लक्षात आलं की पांढरखेडीत रेंजच नाही! पाण्याच्या टाकीवर चढून एक पाय उचलला तर एक काडी दिसे, पण साऱ्या गावानं आळीपाळीनं टाकीवर चढायचं म्हणजे मतदानापेक्षा शोकसभाच आधी घ्यावी लागली असती.

"काऊन डोकं खाजवून राह्यले?" बंडूजींची बायको वच्छला म्हणाली. "हे रोज जामले जातेत नं! तिथं रेंज आहे. द्या फोन टोपल्यात!"

प्रश्न मिटला! यात काही वावगं आहे असं कोणालाही वाटलं नाही. वांगी जातात, टमाटे जातात, मग मत का जाऊ नये? दुसऱ्या दिवशी पहाटे एकशे अडतीस फोन ओट्यावर आले, प्रत्येकाला घरची चिंधी बांधलेली. पासवर्ड विचारायची गरजच नव्हती. गावात सगळ्यांचा पासवर्ड एक-दोन-तीन-चार होता, म्हणजे कोणी विसरला तर शेजाऱ्याला विचारता येई.

फक्त एक गोष्ट जरा वेगळी झाली. फोन देताना जो तो इकडंतिकडं पाही, बंडूजींच्या हातात घडी केलेली चिठ्ठी सरकवी आणि कानाशी लागे.

"मी काय लिवलं ते कोनाले सांगजा नोका," सदाशिवराव कुजबुजले.

"चिठ्ठीवानीच दाबजो, बंडू," अण्णाजी कुजबुजले.

"बंडूभाऊ, तुमच्यावर इश्वास हाये म्हून देऊन राह्यली," देवकाबाई कुजबुजली.

बंडूजींना जरा नवल वाटलं. काल सगळे ओरडून सांगत होते, मग आज कुजबुज कशाला? पण गुप्त मतदान म्हणजे असंच असेल, असं म्हणून त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या एका टोपल्यात टाकल्या. नेमकं ते टोपलं मेथीचं होतं, आणि मेथी टवटवीत राहावी म्हणून बंडूजी तिच्यावर नेहमीप्रमाणे बादलीभर पाणी शिंपडून मोकळे झाले.

जामच्या चौकात चहाच्या टपरीवर बसून त्यांनी चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा त्यांचा हिरवा लगदा झाला होता. एकावर 'हातपं' एवढं वाचता आलं, दुसऱ्यावर 'घरासमोर', बाकी सगळी मेथीच मेथी! आता काय करायचं? परत जाऊन सांगायचं, की मी तुमची मतं भिजवली? मग त्या ठरलेल्या वाक्याचं काय?

"पन साऱ्यायनं रपटाच तं सांगतलं होतं," बंडूजींनी स्वतःलाच समजावलं. चहा संपवला आणि एकेक फोन उघडून रपटा, रपटा, रपटा दाबत सुटले. एक्केचाळीस मिनिटांत एकशे अडतीस मतं पडली.

निकाल लागला. पांढरखेडी, सहभाग शंभर टक्के. रपटा शंभर टक्के!

त्या दिवशी गाव चक्रावलं. प्रत्येक घराला पक्कं माहीत होतं की आपण चिठ्ठीत रपटा लिहिलेला नाही. पण विचारणार कसं? चारचौघांत हात वर केला होता, लेकराची शपथ घेतली होती! "बंडूजी, मी गावाशी खोटं बोललो आणि तुम्ही मले तसं करू देल्लं नाई," अशी तक्रार करायला तोंड कुठून आणायचं? तेव्हा सगळे एकमेकांना म्हणत राहिले, "पाह्यलं नं? गाव एक आहे!"

तक्रार येत नाही म्हटल्यावर बंडूजींची भीती गेली आणि छाती वर आली. आठवड्याभरात त्यांना स्वतःलाच वाटू लागलं, की गाव आपणच एक केलं.

तिकडे वर्ध्यात नयन मॅडम आकडे पाहून थरारल्या होत्या. शंभर टक्के सहभाग आजवर कुठेच झाला नव्हता. त्यात नकाशावर सगळ्या मतांचे ठिपके एकावर एक, जामच्या चौकात पडलेले!

"याचा अर्थ कळतो का?" त्या सहकाऱ्यांना म्हणाल्या. "गावात रेंज नाही म्हणून माणसं मत द्यायला जामपर्यंत आली. म्हातारी माणसंसुद्धा! काय तळमळ आहे!"

बंडूजींना वर्ध्याला बोलावणं आलं. सभागृह, मागे मोठा फलक, फलकावर 'यशोगाथा' आणि त्याखाली बंडूजींचा फोटो. फोटोत ते वांग्याचं टोपलं उचलत होते, पण फोटोखाली लिहिलं होतं 'ग्रामीण डिजिटल नेतृत्व'. शाल मिळाली, नारळ मिळाला. मग मॅडमनी माईक पुढे केला.

"बंडूजी, एवढं एकमत तुम्ही कसं घडवलंत?"

खरं सांगायची ही शेवटची संधी होती. बंडूजींनी समोर पाहिलं. दोनशे माणसं वही-पेन घेऊन बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं कोणी लिहून घेणार होतं!

"असं आहे, मॅडम," बंडूजी म्हणाले, "माणसाले समजून घ्या लागते. त्याच्या मनात काय आहे, ते त्यानं सांगायच्या आधी आपल्याले समजलं पाह्यजे."

टाळ्या पडल्या. मॅडमनी ते वाक्य तिथल्या तिथे पडद्यावर टाकलं. मग चार गोल आले, गोलांत जागृती, संवाद, सहमती आणि सहभाग, आणि त्यांच्यामधून बाण फिरत फिरत पुन्हा जागृतीपाशी आले. याला 'पांढरखेडी मॉडेल' म्हणतात असं कळल्यावर बंडूजींनीही ते उतरवून घेतलं.

"मॅडम, रपट्याचं काम कधी लागन?" शाल सावरत त्यांनी विचारलं.

"झालाच समजा!" मॅडम म्हणाल्या. "फक्त एक आहे. एक गाव यशस्वी झालं तर तो अपवाद ठरतो. चार झाली की मॉडेल ठरतं. आता यशाचा प्रसार करायचा! शेजारची तीन गावं तुम्ही तयार करा. मग चारही गावांचं पक्कं मतदान एकाच दिवशी. चारही ठिकाणी सहभाग नव्वद टक्क्यांवर गेला, की पांढरखेडीत जे काम पहिलं येईल त्याची मंजुरी महिन्याभरात!"

"म्हंजे आमाले पुन्हा मत द्या लागते?"

"तुमचं काय, तुमचं तर शंभर टक्के आहेच!"

झालं! बंडूजी 'मास्टर ट्रेनर' झाले. गळ्यात ओळखपत्र आलं. दोन गावांत त्यांनी चार गोलांचं भाषण ठोकलं आणि दोन्हीकडे माणसं शांतपणे ऐकून, चहा पिऊन, एकही प्रश्न न विचारता घरी गेली. तिसरं गाव टेंभरी. जंगलाच्या कडेला, गोंड घरांचं. तिथं बचत गटाची रुखमाबाई पहिल्याच गोलाला उभी राहिली.

"भाऊ, हे वाटोळं राहू द्या. इथं रेंज नाई. तुमच्या गावातबी नाई. मंग तुमी केलं कसं, ते सांगा."

"आधी जागृती..."

"ते झालं. मंग?"

"मंग संवाद..."

"संवादानं रेंज येते काय?"

रुखमाबाई शेजारणीला गोंडीत काहीतरी बोलली आणि साऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बंडूजींना एक शब्द कळला नाही, पण विषय आपला आहे एवढं बरोबर कळलं. कान तापले. त्यांनी ओळखपत्र खिशात घातलं, रुखमाबाईला बाजूला घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. टोपलं, चिंधी, जाम, चहा. मेथीचं तेवढं गाळलं.

"असं सांगा नं मंग!" रुखमाबाई म्हणाली. "एवढ्या सोप्या कामाले चार वाटोळे कायले काढले?"

दुसऱ्या दिवसापर्यंत ही खरी पद्धत तिन्ही गावांत पोचली. प्रसार व्हावा तर असा! ना भाषण, ना पडदा. नयन मॅडमना फक्त एवढंच कळलं, की तिन्ही गावांनी मॉडेल मनापासून स्वीकारलं आहे. त्यांनी पुण्याच्या दोन पाहुण्यांना मतदानाच्या दिवशी अभ्यास दौऱ्याला बोलावून टाकलं.

तो दिवस उजाडला. बंडूजींनी चार गावं फिरून साडेपाचशे फोन गोळा केले. टोपल्यांवर टोपली! वांग्यांना जागाच उरली नाही. पांढरखेडीच्या लोकांनी या वेळी चिठ्ठ्या देताना हातच धरला. "बंडूजी, मांगच्या खेपेस काहीतरी गडबड झालती, नाई? या खेपेस नीट वाचजा." बंडूजींनी चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण दाबलं. आज मेथीही नव्हती आणि पाणीही नव्हतं.

टेम्पो जामच्या चौकात शिरला आणि रेंज आली.

साडेपाचशे फोनांना एकदम रेंज आली! आधी दोन टुणटुण झाले, मग वीस, मग टेम्पोच्या पोटातून असा कल्लोळ उठला की चौकातली कुत्री पळाली. आरत्या, कव्वाली, लावणी, लहान लेकराचं खिदळणं, "आपका कॉल महत्त्वपूर्ण है", कोंबड्याची बांग, आणि टेंभरीच्या कोणाचा तरी ढोल! बंडूजी एक फोन बंद करत तोवर चार सुरू होत. ट्रकवाले खाली उतरले. टपरीवाल्यानं चहा तसाच उतू जाऊ दिला.

गर्दी बाजूला करत हवालदार आले. त्यांनी टोपल्यावरचं फडकं उचललं आणि दोन पावलं मागे सरकले.

"हे कोनाचं?"

"गावाचं," बंडूजी म्हणाले.

"गावाचं म्हंजे?"

"गावायचं. चार गावायचं. साऱ्यायनं आपखुशीनं देल्लं जी."

"साडेपाचशे माणसायनं आपखुशीनं मोबाईल देल्ले? माही बायको मले तिचा मोबाईल आंगोळीले जातानी देत नाई!" हवालदारांनी एक फोन उचलला. "पासवर्ड?"

"एक-दोन-तीन-चार."

"आन् याचा?"

"तोच."

हवालदारांनी पाच फोन उघडून पाहिले, पाचही उघडले. "तीस वर्षं नोकरी झाली," ते हळूच म्हणाले. "पासवर्डासकट चोरी पहिल्यांदा पाहून राह्यलो."

"चोरी नाई जी! आमच्या सरपंचाले विचारा. घ्या नंबर!"

हवालदारांनी नंबर लावला. टेम्पोतल्या पिवळ्या चिंधीनं आरती सुरू केली.

"दुसरं कोनी?"

"माही बायको! वच्छला!"

बंडूजींच्या पायाशी लाल चिंधी वाजली.

"अण्णाजी?"

धोतराची चिंधी वाजली. हवालदारांनी एकामागून एक अकरा नंबर लावले. अकराही साक्षीदार टोपल्यांतून वाजले आणि एकाही साक्षीदारानं फोन उचलला नाही!

शेवटी हवालदारांनी बंडूजींचाच फोन उघडून त्यातला 'रपटा मॅडम' हा नंबर लावला. नयन मॅडम तेव्हा वर्ध्यातच होत्या; पुण्याचे पाहुणे दुपारी पोचले की त्यांना घेऊन निघणार होत्या.

"बंडूजी नावाचा मानूस वळखता काय?"

"अहो, ते आमचे मास्टर ट्रेनर!" मॅडम आनंदानं म्हणाल्या. "पांढरखेडीत सुरुवात केली आणि आता तीन गावं तयार केलीत त्यांनी! पुढं सगळा जिल्हा घ्यायचा आहे!"

हवालदारांनी फोन खाली ठेवला आणि टेम्पोची चावी काढून खिशात घातली. "टोळी मोठी दिसते. मॅडमबी त्यातलीच. येऊन राह्यली म्हनते. येऊ दे."

इकडे गावांत अकरा वाजले, बारा वाजले, तरी टेम्पो परतला नाही. बंडूजींना काही झालं असेल अशी काळजी कोणालाच वाटली नाही. पण फोनशिवाय सात तास! माणसं रिकाम्या खिशावर हात मारून दचकू लागली. अण्णाजींना वेळ कळेना, देवकाबाईला लेकीशी भांडता येईना. किती वाजले हे विचारायला लोक एकमेकांच्या घरी गेले आणि बऱ्याच वर्षांनी शेजाऱ्यांचे चेहरे पाहून आणखीच वैतागले. शेवटी ट्रॅक्टर निघाले. चार गावांच्या ट्रॉल्या भरभरून जामच्या चौकात उतरल्या तेव्हा चार वाजून गेले होते.

बंडूजी टपरीच्या बाकड्यावर बसले होते. वच्छलेला पाहून त्यांना भरून आलं. "वच्छला, आलीस!"

"माहा फोन कुठी आहे?" वच्छला म्हणाली.

हवालदारांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "या मानसाले तुमी फोन आपखुशीनं देल्ले काय?"

"हो जी!"

"कायले?"

"मत द्याले!"

हवालदारांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं. साडेपाचशे तक्रारदार असायला हवे होते, तिथं एकही तक्रार नव्हती! चिंध्या ओळखून ज्याचा त्याला फोन मिळू लागला. आणि तेवढ्यात नयन मॅडमची गाडी येऊन थांबली.

मॅडम उतरल्या. त्यांनी टोपली पाहिली, चिंध्या पाहिल्या, स्टीलचा डबा पाहिला. एक-दोन-तीन-चार ऐकलं. चेहऱ्यावरचा उत्साह एकेका गोलानं उतरत गेला. त्यांना जामच्या चौकात पडलेले ते सगळे ठिपके आता कुठे कळले. बंडूजींना त्या क्षणी खरंच वाईट वाटलं. पोरगी मनानं चांगली होती, आणि आपण तिला दोनशे माणसांसमोर थापा मारल्या होत्या!

"हे काय आहे?" पुण्याच्या पाहुण्यांनी टोपल्यांकडे बोट दाखवलं.

मॅडम टोपल्यांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "हे... सामूहिक डिजिटल संकलन केंद्र."

"वा!" पाहुण्यांनी फोटो काढला.

मग मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि त्यांच्या अंगात पुन्हा वारं भरलं. त्या सरळ टेम्पोवर चढल्या. "ऐका! मतदान पाच वाजता बंद होतं. चाळीस मिनिटं आहेत. फोन तुमच्या हातात आहेत, इथं रेंज आहे. ज्याचं त्यानं स्वतः मत द्या! सुरू करा!"

"रपटा!" सदाशिवराव गरजले.

"रपटा! रपटा!" पांढरखेडी गरजली.

आणि मग बंडूजींनी एक नवलच पाहिलं. जी माणसं रोज एका ओट्यावर खांद्याला खांदा लावून टोपली ठेवत, ती एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली. कोणी कडुनिंबामागे गेलं, कोणी ट्रॉलीखाली बसलं. देवकाबाईनं डोक्यावरून पदर ओढून आतच फोन धरला. अण्णाजींनी भिंतीला नाक लावलं. तोंडानं मात्र सगळ्यांचं चालूच होतं. "रपटा, बाप्पा, रपटा! दुसरं काय?"

बंडूजींनी स्वतःचा फोन उघडला. आज पहिल्यांदाच ते फक्त स्वतःचं मत देणार होते. रपटा पहिल्या ओळीत होता. त्यांनी अंगठा उचलला आणि सहज यादी खाली सरकवली. हातपंप. सौरदिवे. देवळाला फरशी. स्वागत कमान. आणि सगळ्यात शेवटी, 'टेम्पो उभा करण्यासाठी टिनाचं शेड'.

अंगठा हवेतच थांबला. असं काही यादीत आहे, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं! चाचणीच्या वेळी एकशे अडतीसदा पहिलीच ओळ दाबली होती, खाली जायला वेळ कोणाला होता? उन्हात टेम्पोचा रंग उडाला होता. सीट फाटली होती. टिनाचं शेड! त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव रपटा रपटा म्हणत होतं. रपटा तर येणारच होता. एकशे सदतीस मतं म्हणजे काय कमी झाली? त्यात आपलं एक नसलं म्हणून काय बिघडतं? आपण गावासाठी एवढं केलं, पोलिसांच्या पहाऱ्यात बाकड्यावर बसलो!

बंडूजी वळले, टपरीच्या भिंतीकडे तोंड केलं आणि शेवटची ओळ दाबली. मग मोठ्यानं म्हणाले, "देल्लं बाप्पा, रपट्याले!"

पाच वाजले. मॅडमच्या लॅपटॉपवर निकाल आला. रुखमाबाईचं टेंभरी, शंभर टक्के सहभाग, आणि पहिलं काम दवाखान्याची खोली. बाकी दोन गावंही पास. मॅडमचे डोळे पाणावले. "पांढरखेडी, एकशे अडतीसपैकी एकशे अडतीस! आणि या वेळी प्रत्येक मत ज्याचं त्यानं दिलेलं!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हवालदारांनीही वाजवल्या आणि चावी परत केली. पद्धत यशस्वी ठरली होती. आता ती सगळ्या विभागात पसरणार होती.

"बंडूजी, वाचा तुम्हीच!" मॅडम म्हणाल्या.

"माहा चष्मा घरी आहे," शेडाचं ते एक मत आठवून बंडूजींनी थाप मारली. "सदाशिवराव वाचतीन."

सदाशिवरावांनी घसा साफ केला. "स्वागत कमान, चव्वेचाळीस." ते दचकले. "सौरदिवे, एकोनचाळीस. हातपंप, एकतीस. देवळाले फरशी, तेवीस. रपटा..." त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला, मग दूर धरला. "रपटा, शून्य."

प्रत्येक जण दुसऱ्याकडे अशा नजरेनं पाहत होता की, अरे, तू तरी द्यायचं होतंस!

"एवढ्या साऱ्यायतून एकानंबी देल्लं नाई?" अण्णाजी मोडक्या मनगटाकडे बघत म्हणाले. त्यांच्या घराजवळ आता दिवाही लागणार नव्हता. "कोनीच नाई?"

"आखरी एक राह्यलं," सदाशिवराव म्हणाले आणि सावकाश वाचू लागले. "टेम्पो उभा कराले टिनाचं शेड. एक."

एकशे सदतीस माणसं वळली. गावात टेम्पो एकच होता आणि तो त्यांच्या मधोमध उभा होता, मालकासकट. एका क्षणात सगळ्यांच्या चेहऱ्यावरची लाज उडाली. आपली चोरी विसरायला यापेक्षा चांगली सोय ती कोणती!

"बंडूजी!" देवकाबाईनं गालावर हात मारला. "तुमच्यावर तं गाव डोळे झाकून..."

"बोट सरकलं," बंडूजी म्हणाले. ते कोणालाच पटलं नाही. त्यांना स्वतःलाही पटलं नाही. वच्छलेकडे पाहून "तुह्यं मत कुठी गेलं?" असं विचारायचं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तिची नजर पाहून त्यांनी ते गिळलं.

वच्छला शांतपणे टेम्पोजवळ आली. तिनं फोन कमरेला खोचला आणि नवऱ्याला नखशिखांत न्याहाळलं.

"घरी यायची गरज नाई. त्या शेडातच खाट टाका आता."

"शेड हारलं नं," बंडूजी पुटपुटले.

"मंग उघड्यावर झोपा!"